आठपैकी आठ बरोबर! मग भरवसा ठेवायचा का?

आज बोलतोय काशीमीऱ्याहून. इकडे हायवेला घोडबंदर रोड येऊन मिळतो, तिकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. गेटवरच्या कॅमेऱ्यात रात्री चार पायांचं काही दिसलं, की ग्रुपवर एकच प्रश्न: कुत्रा की बिबट्या?

समजा, हे ओळखणारं एक मॉडेल आपण बनवलं. फोटो मिळाले फक्त २०. १२ कुत्र्यांचे, ८ बिबट्यांचे. त्याच २० फोटोंवर शिकवलं, त्यांच्यावरच तपासलं. चुका शून्य! पण हे म्हणजे पेपर फुटल्यावर परीक्षा घेण्यासारखं झालं ना?

मग करायचं काय? १९ फोटोंवर शिकवा, उरलेल्या एकावर तपासा. प्रत्येक फोटोची पाळी येईपर्यंत, म्हणजे २० वेळा. लाकेनब्रुक आणि मिकी यांनी १९६८ मध्ये हीच पद्धत मांडली होती. हिला 'लीव्ह-वन-आउट' म्हणतात.

इथे एक गोची आहे. कॅमेरा एका फेरीत एकाच बिबट्याचे पाच फोटो काढतो. एक बाजूला ठेवला, तरी चार शिकवणीत राहिलेच. म्हणून तो अख्खा बिबट्या, ती अख्खी रात्रच बाजूला ठेवायची.

आता नशिबाचा भाग. मॉडेलने कधीच न पाहिलेले, आठ वेगळ्या बिबट्यांचे फोटो दिले आणि आठही बरोबर आले. खूश? थांबा. समजा, मॉडेल खरं तर १० पैकी ३ बिबटे चुकवतं. तरीही आठही बरोबर येण्याची शक्यता किती? ०.७ ला आठ वेळा गुणा. जवळपास ६ टक्के. म्हणजे साधारण १७ मॉडेलांमागे एक असं नुसत्या नशिबावर पास होईल.

यावर एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. एकही चूक झाली नाही, तर ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागा. ६० पैकी शून्य चुका असतील, तर खरी चूक ५ टक्क्यांपर्यंत असू शकते. आठसारख्या छोट्या आकड्याला हा हिशेब ढोबळ पडतो, तिथे मर्यादा ३१ टक्क्यांच्या आसपास येते.

आणि दोन्ही चुका सारख्या नसतात. कुत्र्याला बिबट्या म्हटलं, तर झोपमोड होईल. बिबट्याला कुत्रा म्हटलं, तर कोणीतरी पोराला घेऊन बिनधास्त खाली उतरेल. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे सांगा.

पुढच्या वेळी कुणी '१०० टक्के अचूक' म्हणालं, की एवढंच विचारा: कितीपैकी?

भेटू पुढच्या भागात!