हाडांचा जमाखर्च

मनुष्याच्या सांगाड्याचे चित्र दृष्टीस पडले की बहुतेकांना मृत्यूची आठवण होते. विषाच्या बाटलीवर कवटी आणि दोन हाडे छापलेली असतात, भुताखेतांच्या गोष्टींत सांगाडे नाचतात, आणि 'अस्थी' हा शब्द तर घरोघर दहनानंतरच्या विधीच्या संदर्भातच उच्चारला जातो. मराठी बोलीने मात्र हाडाकडे निराळ्या दृष्टीनेही पाहिले आहे. ज्याच्या ठायी विद्या मुळापासून मुरली आहे त्याला हाडाचा शिक्षक म्हणतात, आणि संसारासाठी राबणारी आई हाडांची काडे करते. या बोलण्यात हाड म्हणजे निर्जीव वस्तू नव्हे, तर माणसाच्या घडणीतील सर्वांत अस्सल आणि सर्वांत कष्टाळू भाग होय. शरीरशास्त्राचा कौलही बोलीच्याच बाजूने आहे. हाड जिवंत आहे, ते रोज झिजते व रोज भरून निघते. आणि ही झीज व भर यांचा मेळ बसतो की नाही यावर माणसाचे उत्तरायुष्य पुष्कळसे अवलंबून असते.

हा विषय समजून घेण्यास लखनौसारखे दुसरे सोयीचे शहर क्वचितच सापडेल. येथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९०५ साली बसविण्यात आली आणि १९११ साली तेथे अध्यापन सुरू झाले. वैद्यकाचा विद्यार्थी आरंभीच हाडे हातात घेतो व त्यांची नावे, खाचा आणि उंचवटे पाठ करतो. ही परंपरा आपल्या देशाला नवी नाही. काशीच्या दिवोदास धन्वंतरीचा शिष्य म्हणून ज्याची ख्याती आहे त्या सुश्रुताने, मृत देह वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवून मग हलक्या हाताने घासत थराथराने तपासावा, अशी रीत सांगितली आहे. हाडांचे त्याने पाच प्रकार मानले: कपाल म्हणजे चपटी, रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे कूर्चा, वलय म्हणजे वाकडी आणि नलक म्हणजे नळीसारखी. सुश्रुतसंहितेतील हाडांची संख्या ३०० आहे, चरकसंहितेतील ३६०. आजच्या शास्त्राप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. प्राचीनांनी दात, कूर्चा यांसारखे भाग मोजणीत धरले, हे या फरकाचे एक मोठे कारण होय. शिवाय नवजात बालकाच्या शरीरात आजच्या मोजणीनेही हाडांचे सुमारे ३०० भाग असतात. वाढीबरोबर त्यांतील अनेक परस्परांशी जुळून एक होतात.

या २०६ हाडांपैकी ८० हाडांचा मधला कणा-डोलारा होतो. त्यात कवटीची २२, दोन्ही कानांतील मिळून ६, जिभेच्या मुळाशी १, पाठीच्या कण्याची २६, बरगड्यांची २४ आणि छातीचे १ यांचा समावेश होतो. उरलेली १२६ हातापायांकडे जातात. त्यांतही दोन्ही पंजे आणि दोन्ही पावले यांच्या वाट्याला १०६, म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे येतात. लेखणी धरणारी बोटे आणि खडबडीत रस्त्यावर तोल सावरणारे पाऊल यांना किती बारीक हालचाली कराव्या लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाटपाचे मर्म कळते. सर्वांत लांब हाड मांडीचे. ते माणसाच्या उंचीच्या सुमारे चतुर्थांशाएवढे असते. सर्वांत लहान हाड कानात असते आणि ते जेमतेम तीन मिलिमीटर भरते.

मांडीच्या या हाडाची रचना समजण्यासाठी लखनौच्या बड्या इमामबाड्यात जावे. नबाब आसफुद्दौला याने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून ही वास्तू हाती घेतली. तिचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच असूनही मध्ये एक खांब नाही आणि वर तुळई नाही. या अवाढव्य कमानदार छताभोवती व त्याच्यावर जे अरुंद, वळणावळणाचे मार्ग आहेत तीच प्रसिद्ध भूलभुलैया. प्रवाशाला तेथे वाट चुकण्याची गंमत वाटते. परंतु भरीव चुन्याविटांऐवजी पोकळ मार्ग ठेवल्याने वास्तूचे वजन कमी झाले आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे चिरून पाहिल्यास अशीच भूलभुलैया दिसते. बाहेर टणक थर आणि आत स्पंजासारखी जाळी. या जाळीतील बारीक पट्ट्या मात्र वाटेल तशा पसरलेल्या नसतात. शरीराचा भार ज्या रेषांनी खाली उतरतो त्या रेषांना धरून त्या उभ्या असतात. १८६० च्या दशकात झुरिक येथील शरीरशास्त्रज्ञ मायर याने हाडाचा असा छेद कुलमान नावाच्या अभियंत्याला दाखविला, तेव्हा आपण क्रेनसाठी काढलेल्या भाररेषा त्याला त्यात दिसल्या. फरक एवढाच की इमामबाडा एकदा बांधून पुरा झाला आणि हाडाचे बांधकाम जन्मभर चालूच राहते.

या बांधकामाला दोन प्रकारचे साहित्य लागते. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले तर त्यातील चुन्याचे क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. उलट ते भाजून काढले तर आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबताच चुरा होतो. क्षारांनी कठीणपणा येतो, तर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी चिवटपणा. या दोहोंच्या कुशीत जिवंत पेशी काम करीत असतात. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात, तर काही त्या जागी नवे रचतात. प्रौढाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. हाड मोडले असता तुटलेल्या टोकांमध्ये प्रथम रक्ताची गाठ, मग कूर्चेचा मऊ जोड, मग कठीण हाड आणि शेवटी मूळ आकाराची दुरुस्ती असा क्रम चालतो. प्लास्टर हाड जोडीत नाही. ते केवळ हाडाला आपले काम स्वस्थपणे करू देते. ही क्रिया त्वरेने व्हावी म्हणून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शीशमच्या पानांच्या अर्कावर संशोधन केले आहे.

भार उचलणे, मेंदू व हृदय यांचे रक्षण करणे आणि स्नायूंना आधार देऊन हालचाल घडविणे ही हाडांची कामे उघड दिसतात. आतल्या लाल मज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात, ते काम दिसत नाही. त्याहूनही अदृश्य काम खजिनदाराचे आहे. शरीरातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत साठविलेले असते. उरलेल्या अल्पशा भागावर हृदयाचे ठोके, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्त गोठणे अवलंबून असते. म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण फारसे खाली जाऊन चालत नाही. ते घटू लागताच गळ्यातील तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढले जाते. आहारातून भरणा झाला नाही तर काढणे मात्र चालूच राहते, आणि खातेदाराला त्याची वार्ताही लागत नाही.

भरण्याची किल्ली ड जीवनसत्त्वाकडे आहे. ते नसेल तर आतडी अन्नातील कॅल्शियम पुरेसे शोषून घेऊ शकत नाहीत. हे जीवनसत्त्व त्वचा उन्हात स्वतःच तयार करते. मग ज्या लखनौत उन्हाळ्यात लू वाहते तेथे त्याची वाण कशी असेल? परंतु येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी रुग्णालयातील ९२ निरोगी कर्मचाऱ्यांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोनतृतीयांश लोकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या लेखकांत गोडबोले हे मराठी आडनावही आहे. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लखनौतील दुसऱ्या पाहणीत २०७ गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ८४ टक्के स्त्रियांत, किंचित निराळ्या मापाने, हीच उणीव दिसली. आणि खेड्यातील स्त्रियाही त्यातून सुटल्या नव्हत्या. आईचे खाते रिकामे असेल तर बालकही रिकाम्या हातानेच जन्माला येते. मुडदूस, मोठ्या वयात मऊ पडणारी हाडे, उतारवयातील खुब्याचा अस्थिभंग, यांची मुळे पुष्कळदा येथे असतात.

ऊन आकाशात असते, ते अंगावर यावे लागते. अंगभर वस्त्रे, घरातले व कचेरीतले दिवस, धुराने मळलेली हवा आणि सावळ्या त्वचेला लागणारा अधिक वेळ, या सर्वांनी ते अडते. खिडकीच्या काचेतून ऊब येते, पण उपयोगी किरण येत नाहीत. कोवळ्या उन्हात ते अल्प असतात. दिवस वर आल्यावर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून उन्हात राहणे अधिक फलदायी ठरते. आहारात दूध, दही, तीळ आणि विशेषतः नाचणी हवी; शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि प्रौढाची रोजची गरज सुमारे एक हजार मिलिग्रॅम मानली जाते. उणीव तपासणीत सिद्ध झाल्यास औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

याखेरीज हाडाला हवा असतो भार. लखनौचे सुपुत्र शुभांशु शुक्ला २०२५ साली अंतराळस्थानकावर सुमारे १८ दिवस राहून आले. तेथे वजन जाणवत नाही, म्हणून दीर्घकाळ राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांतील खनिज महिन्याला एक ते दीड टक्का घटते आणि त्यांना रोज नेमाने व्यायाम करावा लागतो. खुर्चीत बसून दिवस काढणाऱ्याची दशा इतकी वाईट नसली तरी दिशा तीच असते. तिशीच्या सुमारास हाडांची पुंजी पुरी होते. पुढे ती राखावयाची असते, आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतर तिची गळती झपाट्याने वाढते. म्हणून मुलींचे दोरीवरून उडणे, मुलांचे हुतूतू आणि घरातल्या मुलीच्या पेल्यातले दूध यांना करमणूक अथवा लाड समजू नये. पन्नास वर्षांनंतर काढावयाची ती ठेव आहे, आणि ती ठेवण्याचे वय एकदाच येते.