चर्चमध्ये काय वाचायचे?

बायबलविषयी एक गोष्ट वारंवार कानावर येते. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकाया येथे बिशपांना जमवले, त्यांनी सोयीचे ग्रंथ ठेवले आणि बाकीचे बाद केले. कादंबरीला हे कथानक छान शोभते. पण निकायात भांडण झाले ते पिता आणि पुत्र यांच्या नात्यावरून, आणि ईस्टर कधी पाळायचा यावरून. बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यायची, याबद्दल त्या परिषदेच्या नियमांत एक ओळही नाही.

मग ठरवले कोणी? त्यासाठी निकायाच्याही सव्वाशे वर्षे मागे, अंत्युखियाच्या सेरापियन नावाच्या बिशपाकडे जाऊ. ऱ्होसस या किनाऱ्यावरच्या गावात ‘पेत्राचे शुभवर्तमान’ नावाच्या पुस्तकावरून कुरबुर चालली होती. सेरापियनने ते पुस्तक स्वतः नीट वाचलेले नव्हते. एवढ्यावरूनच वाद असेल तर वाचा, असे सांगून तो मोकळा झाला. पुढे त्याच्या कानावर आले, की ख्रिस्ताचे शरीर केवळ भास होता असे मानणाऱ्यांना हे पुस्तक प्रिय आहे. तेव्हा त्याने त्याच मंडळींकडून प्रत मिळवली, वाचली आणि गावाला पत्र लिहिले: बहुतेक मजकूर ठीक आहे, पण काही भर घातलेली आहे, मी येतोच आहे. हा सगळा प्रसंग इतिहासकार युसेबियसने नोंदवून ठेवला. या शुभवर्तमानाचा एक मोठा तुकडा इजिप्तमध्ये अखमीम येथे १८८६-८७च्या हिवाळ्यात सापडला, तो आज कुणालाही वाचता येतो.

मला या हकिकतीत महत्त्वाचे वाटते ते हे, की प्रश्न ‘कोणता ग्रंथ खरा’ असा तात्त्विक थाटात आलाच नाही. मंडळीत काय वाचायचे, एवढाच तो होता. आणि निकष? पुस्तकावर पेत्राचे नाव होते, तरी तेवढे पुरले नाही. प्रेषितांकडून चालत आलेल्या श्रद्धेशी ते जुळते का, आणि ते पूर्वापार परंपरेने हाती आले आहे का, हे पाहिले गेले.

असे पाहता पाहता दोन शतके गेली. पश्चिमेकडे इब्री लोकांस पत्राविषयी शंका, पूर्वेकडे प्रकटीकरणाविषयी. चौथ्या शतकातल्या ‘कोडेक्स सिनायटिकस’ या हस्तलिखितात नव्या कराराबरोबर बर्णबाचे पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ही आहे. आजची नेमकी २७ पुस्तकांची यादी प्रथम दिसते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने ईस्टरनिमित्त धाडलेल्या पत्रात. ते एका बिशपाचे पत्र होते, साऱ्या जगाला काढलेला हुकूम नव्हे. प्राचीन सिरियाक बायबलात पुढेही २२च पुस्तके राहिली. ऑर्थोडॉक्स बायबलात प्रकटीकरण आहे, पण त्यांच्या नित्य उपासनेतल्या वाचनांत ते आजही नाही.

आता अर्थाकडे वळू. पुस्तके एका बांधणीत आली, की ती एकमेकांना उत्तरे देऊ लागतात. पौल रोमकरांस लिहितो, की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि दाखला देतो अब्राहामाचा. याकोबाचे पत्र म्हणते, नुसत्या विश्वासाने नव्हे, कृतींनी. आणि दाखला पुन्हा अब्राहामाचाच, उत्पत्तीतल्या त्याच वचनासह! चर्चपिता ऑगस्टीनने तोड काढली: पौल विश्वासापूर्वीच्या कर्मांविषयी बोलतो, याकोब नंतरच्या. धर्मसुधारक ल्यूथरला ते पटले नाही. ख्रिस्ताकडे नेईल तेच खरे प्रेषितांचे लेखन, या कसोटीवर त्याला याकोबाचे पत्र हलके वाटले. १५२२च्या त्याच्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तके शेवटी टाकलेली आहेत. अनुक्रमणिकेत त्यांना क्रमांकसुद्धा नाहीत. पण ती त्याने काढली नाहीत. पोपशी भांडायला न कचरलेला हा माणूस त्या यादीपुढे मात्र थबकला. प्रमाणग्रंथाचा अधिकार म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या थबकण्यात जास्त कळते.

जुन्या कराराबाबत तो एवढा थांबला नाही. हिब्रू बायबलात नसलेली, ग्रीक भाषांतरातून आलेली पुस्तके त्याने वेगळी काढून परिशिष्टात घातली: वाचायला चांगली, पण सिद्धांत उभारायला नाहीत. यामागे बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याचा जुना आधार होता. १५४६ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने उलट ती बायबलचाच भाग ठरवली, आणि अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार चर्चचा, हेही बजावले. प्रॉटेस्टंटांचे म्हणणे असे, की शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावावा. यादीतल्या या फरकामुळे कॅथलिकांची पुस्तके ७३ आणि प्रॉटेस्टंटांची ६६; इथिओपियाच्या चर्चची तर ८१.

हा फरक केवळ मोजणीचा नाही. या वादातल्या पुस्तकांपैकी ‘मक्काबी’च्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात, युद्धात पडलेल्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून सेनापती यहूदा मक्काबी जेरुसलेमला अर्पण पाठवतो. मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथलिक मंडळी या उताऱ्याचा आधार देतात, आणि अंत्यविधीच्या मिस्सासाठी नेमलेल्या वाचनांत तो आहे. वसईच्या कॅथलिक घरातला माणूस गेला, तर त्याच्यासाठी तो वाचता येतो. नगरच्या प्रॉटेस्टंट कुटुंबाच्या मराठी बायबलात हे पुस्तकच नसते, आणि तिथली प्रार्थना मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते.