रंग तोच, क्रोमियम वेगळं



आज बोलायचंय गंजाबद्दल. सुरुवात आपल्या ओट्यापासूनच करू. स्टीलच्या पातेल्यात गार पाणी घेतलं, त्यात मीठ टाकलं आणि न ढवळता तसंच ठेवलं, की काही दिवसांनी तळाला टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. कितीही घासा, जात नाहीत. कारण ते डाग नसतातच, खड्डे असतात. स्टीलमधलं क्रोमियम हवेशी संयोग पावून भांड्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतं. तोच स्टीलचं रक्षण करतो. तळाशी साचलेलं मीठ तो पापुद्रा एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथून धातू आतल्या आत खाल्ला जातो. म्हणून मीठ पाणी उकळल्यावर घालावं आणि लगेच ढवळावं.

भांड्याला खड्डा पडला तर आपण हळहळतो. विमानाच्या पंखाला किंवा कारखान्यातल्या पाइपला पडला, तर जिवाशी गाठ असते. म्हणून उद्योगांत धातूवर संरक्षक थर देतात. हार्डवेअरच्या दुकानात पिवळसर, इंद्रधनुषी झाक असलेले नट-बोल्ट पाहिले असतील. ती झाक बहुधा क्रोमेटच्या थराची असते. विमानाच्या ॲल्युमिनियमवरही असाच थर वर्षानुवर्षं देत आले.

हा थर गुणी खरा. ओरखडा पडला तर त्यातलं थोडं क्रोमियम ओलाव्यात विरघळून ओरखड्यापर्यंत जातं आणि जखम बुजवतं. पण हे काम करणारं क्रोमियम सहा संयुजेचं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. तीन संयुजेचं, ट्रायव्हॅलंट क्रोमियम मात्र त्या मानानं बरंच निरुपद्रवी. धातू एकच, रूपं दोन.

हा विषय माझ्या घरातलाच आहे. माझे बाबा एका लहान कारखान्यात क्रोम प्लेटिंगच्या टाकीवर कामाला होते. टाकीतून उठणारे आम्लाचे बारीक तुषार दिवसभर नाकात जायचे. घरी येताना बनियनवर पिवळे डाग असायचे आणि आई ते कपडे आमच्याच कपड्यांसोबत धुवायची. नाकातून रक्त यायचं, ते "उष्णता झालीय" म्हणायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, तेव्हा कळलं की हे या कामातलं जुनं, माहीत असलेलं दुखणं आहे. आम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न असा, की धातूवरच्या इतक्या पातळ थरात कुठलं क्रोमियम किती आहे, हे ओळखायचं कसं?

त्यासाठी एक मोठं यंत्र लागतं, सिंक्रोट्रॉन. यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गोल फिरवतात. चुंबकानं त्यांना वळवलं, की वळणावर ते प्रखर क्ष-किरण सोडतात. असा प्रकाश 1947 साली अमेरिकेत पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. आपल्याकडे इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 हे यंत्र आहे. त्याचा घेर 172.5 मीटर. इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या मारतात.

या क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली, की ठरावीक ठिकाणी धातू ते एकदम शोषू लागतो. क्रोमियमसाठी ही जागा साधारण 5,989 इलेक्ट्रॉन व्होल्टला येते, लोखंडासाठी 7,112 ला. त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. शिवाय सहा संयुजेचं क्रोमियम असेल, तर आलेखात मुख्य चढणीच्या अलीकडे एक टोकदार सुळका उठतो. तीन संयुजेचं असेल तर तिथे जेमतेम उंचवटा दिसतो. सुळक्याच्या उंचीवरून विषारी रूपाचा वाटा काढता येतो.

आणखी एक सोय आहे. बऱ्याच तपासण्यांत नमुना वाळवून निर्वात पेटीत ठेवावा लागतो. पण दूध कसं उतू जातं ते पाहायचं तर गॅस बंद करून चालत नाही. तसंच गंजाचं. हे किरण पाण्याच्या पातळ थरातून आरपार जातात, म्हणून धातू ओला असताना, गंज चढत असतानाच त्याला पाहता येतं.

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ॲल्युमिनियमवरचे क्रोमेटचे थर असेच तपासले गेले. थरातलं बरंचसं क्रोमियम तीन संयुजेचं, पण काही भाग सहा संयुजेचा उरलेला, असं दिसलं. जखम बुजवणारा साठा तोच. आता त्याला पर्याय शोधणाऱ्यांना नेमकं कशाची जागा भरायची, हे ठाऊक आहे. युरोपात सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते. तीन संयुजेच्या क्रोमियमचे थरही बाजारात आले आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कुणी प्लेटिंगच्या कामावर असेल, तर एवढं करा. कामाचे कपडे कारखान्यातच बदलायला सांगा आणि वेगळे धुवा. टाकीवर धूर ओढून घेणारा पंखा आहे का, हातमोजे, मास्क मिळतात का, ते विचारा. नाकात खपली धरत असेल, रक्त येत असेल, हातावरचा व्रण भरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवताना कामाचं स्वरूप आधी सांगा.

माझ्या आईला हे कुणी सांगितलं नाही. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही शेजारणीला सांगा.