बॉनेटखालची जागा आणि इंजिनाचा श्वास

शेतावस्तीच्या वाटेला उपयोगी पडणारी, चारही चाकांना जोर पोचवणारी लहान गाडी आपल्या देवळ्याच्या लोकांना नवी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप मुंबईत जोडली जाऊ लागली, तेव्हापासून ती आपल्या डोंगरकपारीत हिंडते आहे. पुढे डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये ते १२९८ सीसीचे झाले. २०१९ पासून नवी जिप्सी तुम्हा-आम्हाला मिळत नाही. थार तर आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होते. या गाड्यांचे कौतुक करण्याचा आजचा हेतू नाही. इंजिनात हवा ज्या वाटेने शिरते ती वाट थोडी हलवून बॉनेटखाली जागा कशी काढावी, एवढाच विषय आहे. मी भूगोल शिकवणारा माणूस, पाना चालवण्याचा माझा व्यवसाय नव्हे. पण धूळ, वारा आणि खडक यांचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे, आणि तेवढ्यापुरता माझा अधिकार आपण मान्य करावा.

आता एवढी जागा हवी कशाला? माझ्या परिचयाचे एक पशुवैद्य आहेत. लोहोणेरपासून उमराण्यापर्यंतच्या वस्त्यांवर त्यांची जुनी जिप्सी जाते. गाईम्हशींच्या पुष्कळशा लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा लस थंड राखण्याचे महत्त्व गोठ्यागोठ्यातल्या माणसाला कळले. बाहेर ४० अंशांचे ऊन, पेटीतला बर्फ दुपारपर्यंत वितळलेला, आणि अजून चार वस्त्या बाकी! तापलेली लस टोचली तर सुई टोचल्याचे समाधान मिळते, गाईला संरक्षण मिळतेच असे नाही. (कृत्रिम रेतनाच्या नळ्यांचे बरे असते. त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडालेल्या असतात, त्यांना वीज लागत नाही.) म्हणून डॉक्टरांनी गाडीत बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज ठेवायचे ठरवले.

हिशेब साधा आहे. असा फ्रिज चालू असताना सुमारे चार अँपिअर वीज ओढतो. गाडी उभी करून पाच तास तो चालला तर वीस अँपिअर-अवर गेले. लहान गाडीची बॅटरी चाळीसच्या आसपासची. निम्मी रिकामी झालेली बॅटरी स्टार्टर फिरवील की नाही याचा नेम नाही, आणि वस्तीवर धक्का द्यायला दर वेळी चार गडी कुठून आणायचे? तेव्हा दुसरी बॅटरी आलीच. मागे माणसांच्या बैठकीजवळ ती ठेवू नये, कारण साध्या बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. राहिले बॉनेट. तिथे हवेच्या फिल्टरची भलीमोठी पेटी जागा अडवून बसलेली.

गॅरेजवाला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही पेटीच काढून टाकू. नळीच्या तोंडावर शंकूसारखा उघडा फिल्टर बसवतो. अर्ध्या तासाचं काम, आणि गाडी आवाजही झकास काढेल!"

आवाज झकास निघतो हे खरे आहे, कारण ती पेटी इंजिनाचा घुरघुराट दाबण्याचेही काम करते. पण तिचे खरे काम काय, हे समजायचे तर इंजिन किती हवा खाते ते पाहावे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे अकरा किलो, म्हणजे नऊ हजार लिटर हवा लागते. १२९८ सीसीचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल आणि पॅडल पूर्ण दाबलेले असेल, तर ते मिनिटाला दीड हजार लिटरच्या वर हवा ओढते. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे एका बॉनेटखाली दोनशे माणसे श्वास घेत आहेत असे समजा!

आणि ही हवा कसली? कांद्याच्या ट्रॅक्टरामागून कच्च्या रस्त्याने जाताना समोरचे काही दिसत नाही, तसली. आपल्या भागाचा खडक बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी साठलेली असते, आणि नांगराच्या फाळाला ती वर येते हे शेतकऱ्याला सांगायला नको. खनिजांच्या कठीणपणाची जी दहा अंकांची मोजपट्टी आहे, तिच्यावर गारगोटी सातव्या पायरीवर बसते. सिलिंडरचे ओतीव लोखंड तिच्यापुढे मऊ. असला बारीक कण पिस्टनच्या कड्यांत शिरला की तेलाशी मिसळून पॉलिशचा लेप तयार होतो, आणि तो रात्रंदिवस घासत राहतो. गाडी तेल खाऊ लागते, निळा धूर सोडते, आणि इंजिन बांधायला काढले की एका हंगामाची कमाई जाते. उघडा शंकू मुळातच वाईट असे मी म्हणत नाही. तो डांबरी रस्त्यावरच्या हौशी माणसाला शोभतो. आपल्या धुळीत त्याची चाळण पुरेशी बारीक आहे का, आणि तो नळीवर हवाबंद बसतो का, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बाहेर ४० अंश असताना बॉनेटखाली ७० अंश सहज होतात. तापलेली हवा विरळ असते, आणि या दोन तापमानांतला फरक नऊ टक्क्यांच्या घरात जातो. भावडबारीचा घाट चढताना ज्याला थोड्या जोराची गरज आहे, त्याने हा तोटा मुद्दाम का ओढवून घ्यावा?

मग करायचे काय? उत्तर आपल्या शेतातच उभे आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर छत्रीसारखे टोपण तुम्ही रोज पाहता. ते हवेला गरगरा फिरवते. जड धूळ बाहेरच्या बाजूला फेकली जाते, आणि उरलेली हवा खाली बंद डब्यातल्या फिल्टरकडे जाते. डॉक्टरांच्या गाडीत हीच युक्ती लहान प्रमाणात केली. मूळ चपट्या पेटीऐवजी उभा, गोल, झाकणाचा धातूचा डबा घेतला आणि तो बाजूच्या पत्र्याला घट्ट बांधला. आतल्या कागदी फिल्टरचे क्षेत्रफळ मूळच्यापेक्षा कमी होऊ दिले नाही. नळीचा व्यास मूळचाच ठेवला, आणि वळणे दोनच. हवा घेण्याचे तोंड पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या उष्णतेपासून दूर आणि जमिनीपासून शक्य तितके उंच काढले. उंची यासाठी की ओढा ओलांडताना नळीत पाणी शिरले तर पाणी काही दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकून बसतो.

एक बारीक नळी मात्र लोक हमखास विसरतात. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी बहुधा फिल्टरच्या पेटीलाच जोडलेली असते. पेटी हलवली की ती तशीच लोंबकळत राहते आणि तिथून धूळ आत जाते. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला तिला पुन्हा जागा द्यावी. काही नव्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर याच वाटेवर असतो. तिथे घरगुती प्रयोग करूच नये.

काम बरे झाले की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याचे दोन उपाय आहेत. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरा आणि एक टोक फिल्टरच्या पुढच्या भागात जोडा. इंजिनाने हवा ओढली की पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक पडतो. बदलाआधी आणि बदलानंतर, सारख्याच वेगाला, तो मोजा. फरक वाढला असेल तर इंजिनाचा गळा आवळला गेला आहे. दुसरा उपाय त्याहून सोपा. फिल्टरनंतरच्या नळीत आतून बोटभर ग्रीस फासा आणि महिन्याने नळी काढून पाहा. ग्रीस दोन बोटांत चोळल्यावर कचकचले, तर कुठला तरी जोड गळतो आहे. डॉक्टरांच्या गाडीत पहिल्या महिन्यात ते कचकचलेच! एक पट्टी सैल होती.

कागदी फिल्टर मात्र दगडावर आपटून झाडू नका. किंचित मळलेला फिल्टर नव्यापेक्षा धूळ अधिक अडवतो, फाटलेला काहीच अडवत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत बॅटरी बसवताना ती पट्ट्याने आवळून ठेवावी, तिच्या अगदी जवळ फ्यूज द्यावा, आणि इंजिन बंद झाले की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या होतील असा रिले घालावा. एक्झॉस्टकडच्या बाजूला पत्र्याचा आडोसा हवा.

कायद्याचेही पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतला तपशील कारखान्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अंगाने निकाल दिला. तेव्हा पान्याला हात लावण्यापूर्वी मालेगावच्या परिवहन कार्यालयात जाऊन विचारावे, आणि बदलानंतर धुराची तपासणी नव्याने करून घ्यावी. काढलेली मूळ पेटी, तिच्या रबरी नळ्या आणि क्लिपा भंगारवाल्याला देऊ नका. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी पुन्हा होती तशी करायची वेळ आली, तर बंद झालेल्या गाडीचे हे सामान बाजारात सहजासहजी मिळायचे नाही.