शर्यतीच्या गाडीचा हिशेब

मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ नावाची टीम बांधली, विजेवरची शर्यतीची गाडी स्वतः बनवली आणि इंग्लंडमधल्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत उतरवली. पळण्याआधी तिथं तपासणी असते. गाडी 60 अंशांत कलंडवतात, चाक उचललं तर नापास. ब्रेक दाबला की चारही चाकं जागीच अडकली पाहिजेत. चालक 5 सेकंदांत बाहेर आला पाहिजे. शिवाय नटबोल्टसकट खर्चाचा हिशेब, त्याला 1000 पैकी 100 गुण! आपल्या गटाचं रजिस्टर आठवलं ना? म्हणजे गाडीला नुसता मेकॅनिक पुरत नाही. तुमची लेक मेकॅनिकलला जाते म्हणत असेल, तर नाही म्हणण्याआधी तिला कपिलधारच्या बैठकीला घेऊन या.