एका सहीचा प्रश्न

एखादें कृत्य बरें कीं वाईट हें ठरविण्याचें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. चोरी वाईट, दान चांगलें, विश्वासघात वाईट, आईबापांची सेवा चांगली, इतकें शाळेंतलें लहान मूलही सांगतें. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणीं. एक कर्तव्य मनुष्याला एका बाजूस ओढतें, दुसरें दुसऱ्या बाजूस ओढतें. आणि कोणतेंही एक पाळलें तरी दुसरें मोडल्याचा दोष माथीं येतो. अशा वेळीं नियमांच्या पाठांतराचा फारसा उपयोग होत नाहीं. थोरांच्या आयुष्यांतील एखादा कठीण प्रसंग समोर ठेवून त्याचा शांतपणें विचार केला, तर मात्र कांहीं वाट दिसते. महाबळेश्वरच्या डोंगराशीं जोडलेला असाच एक प्रसंग आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

महाबळेश्वरास जाणारा मनुष्य क्षेत्रांत पंचगंगेचें दर्शन घेतो, वेण्णा तलावाच्या कांठीं फिरतो, लॉडविक पॉइंटवरून प्रतापगडाकडे पाहतो आणि समाधानानें परत येतो. परंतु या तलावाचा आणि या टोकाचा एका राजाच्या कसोटीशीं संबंध आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. तो राजा म्हणजे साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज.

पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं इंग्रजांनीं महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें, आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजीं त्यांच्याशीं तह केला. परराज्यांशीं इंग्रजांस वगळून कोणताही व्यवहार ठेवूं नये, ही त्या तहांतील मोठी अट होती. पहिलीं वर्षें सलोख्याचीं गेलीं. साताऱ्याहून महाबळेश्वरीं येणारा गाडीरस्ता महाराजांनीं करविला. १८२९ मध्यें डोंगरमाथ्यावरील जागा त्यांनीं इंग्रजांस दिली व तिच्या बदल्यांत वाईकडील खंडाळें गांव घेतलें. नव्या वस्तीस गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें नांव देऊन ती माल्कमपेठ झाली. मैत्रीची याहून स्पष्ट खूण कोणती असावी?

पुढें मात्र वारें फिरलें. जहागीरदारांवरील हक्कांविषयीं महाराज आणि मुंबई सरकार यांच्यांत वाद वाढला. त्यानंतर महाराजांवर आरोप आले. कंपनीच्या पलटणींतील देशी अंमलदारांस त्यांनीं फितविण्याचा यत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीजांशीं आणि नागपूरच्या पदच्युत राजाशीं संधान बांधलें, असें त्या आरोपांचें स्वरूप होतें. १८३६ मध्यें साताऱ्यास तिघां अंमलदारांचें कमिशन बसलें. त्यांत साताऱ्याचा रेसिडेंट पीटर लॉडविक हा एक होता. कमिशननें महाराजांविरुद्ध मत दिलें. आरोपांची उघड चौकशी व्हावी व आपलें म्हणणें नीट ऐकून घ्यावें, ही महाराजांची मागणी अखेरपर्यंत पुरी झाली नाहीं.

१८३९ च्या ऑगस्टमध्यें गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले आणि त्यांनीं महाराजांपुढें एक कागद ठेवला. तहाविरुद्ध वर्तन झाल्याचें सरकारास कळलें आहे, तें सरकार विसरून जाईल. महाराजांनीं यापुढें तह कसोशीनें पाळावा आणि आणखी कांहीं अटी मान्य कराव्या, असा त्याचा आशय होता. खालीं एक सही करावयाची होती. सही केली तर राज्य राहणार होतें, न केली तर जाणार होतें.

महाराजांनीं सही केली नाहीं. या कागदावर सही करणें म्हणजे न केलेला अपराध कबूल करणें होय, असें त्यांचें म्हणणें होतें. सप्टेंबरच्या आरंभीं एका रात्रीं त्यांस वाड्यांतून पालखींत घालून लिंब गांवीं नेण्यांत आलें. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांचें राज्य संपलें. तेथून त्यांची रवानगी बनारसला झाली आणि तेथेंच १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं त्यांचा अंत झाला.

आतां प्रश्न असा कीं, महाराजांनीं केलें तें योग्य होतें काय?

‘सही करावयास हवी होती’ असें म्हणणाऱ्याची बाजू हलकी नाहीं. राजा हा एकटा नसतो. त्याच्यावर प्रजा अवलंबून असते, सेवक अवलंबून असतात, घराण्याची परंपरा अवलंबून असते. छत्रपतींची गादी ही कांहीं एका मनुष्याची खासगी मालमत्ता नव्हे, कीं त्यानें आपल्या मानासाठीं ती डावावर लावावी. शिवाय कागद तरी काय मागत होता? चार ओळींची एक कबुली. ती दिल्यानें कोणाचा प्राण जाणार नव्हता. उलट न दिल्यानें महाराजांबरोबर निघालेल्या माणसांचे हाल झाले. सेनापति बाळासाहेब भोसले तर बनारसच्या प्रवासांतच निवर्तले. जबाबदारीच्या जागीं बसलेल्या मनुष्यानें आपलें मन शुद्ध राखण्याची किंमत इतरांस भरावयास लावूं नये, हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे.

या आक्षेपास वेण्णा तलावाचीही साक्ष काढतां येईल. महाराजांच्या मागून त्यांचे धाकटे बंधु शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांस इंग्रजांनीं गादीवर बसविलें. अप्पासाहेबांनीं इंग्रजांशीं जुळतें घेतलें. परंतु त्यांनीं लोकोपयोगी कामेंही केलीं. वेण्णा तलाव १८४२ मध्यें त्यांनींच बांधविला. ज्यानें नमतें घेतलें त्याच्या हातून लोकांस पाणी मिळालें आणि जो ताठ राहिला त्याच्या हातून कांहीं करण्याची सत्ताच गेली, असें कोणी म्हटलें तर त्यास एकदम खोडून काढतां येत नाहीं.

मग परिणाम हीच कसोटी धरावी काय? तीही पुरी पडत नाहीं. ५ एप्रिल १८४८ रोजीं अप्पासाहेब वारले. त्यांस औरस पुत्र नव्हता. त्यांनीं घेतलेला दत्तक राज्यापुरता अमान्य करून लॉर्ड डलहौसीच्या सरकारनें साताऱ्याचें राज्य खालसा केलें. म्हणजे जुळतें घेऊनही राज्य नऊच वर्षें टिकलें. प्रतापसिंहांसही औरस पुत्र नव्हता. तेव्हां त्यांनीं सही केली असती तरी शेवट निराळा झाला असता, अशी खात्री कोणीं द्यावी? परंतु हाही न्याय पुरता नव्हे. १८४८ मध्यें काय होणार हें १८३९ मध्यें कोणासच ठाऊक नव्हतें. जें कर्त्यास ठाऊक नव्हतें त्यावरून त्याची निंदाही करूं नये आणि स्तुतिही करूं नये. कृत्याचा न्याय तें घडलें त्या घटकेच्या ज्ञानावर करावयाचा असतो.

त्या घटकेस महाराजांस एक गोष्ट मात्र निश्चित ठाऊक होती. आपण अपराध केला आहे कीं नाहीं, ही ती गोष्ट. पुराव्याविषयीं त्या काळीं इंग्लंडांतही तीव्र मतभेद झाले. बाहेरच्या मनुष्यास संशय राहूं शकेल, परंतु खुद्द महाराजांस तो असणें शक्य नव्हतें. ते दोषी असते तर सही नाकारणें हा खोटेपणा ठरला असता. निर्दोष असते तर सही करणें हा खोटेपणा ठरला असता. आणि येथें मनुष्यस्वभावाचा एक दाखला आठवावा. खरोखरच गुन्हा केलेल्या मनुष्यास चार ओळींच्या कबुलीवर पूर्ण क्षमा मिळत असेल, तर तो ती सहसा दवडीत नाहीं. जो राज्य सोडतो पण कबुली देत नाहीं, त्याच्या निर्दोषपणाचा हा पुरावा नसला तरी मोठी साक्ष खासच आहे.

तथापि हा केवळ मानीपणा कशावरून नव्हे? याचें उत्तर त्या सहीचें ओझें कोणाकोणावर पडलें असतें हें पाहिल्यास मिळतें. कारस्थान एकट्यानें होत नाहीं. महाराजांबरोबर गोविंदराव दिवाणांसारख्या माणसांवर आळ आला होता, त्यांस कैद भोगावी लागली होती. महाराजांनीं ‘होय, घडलें’ असें लिहून दिलें असतें, तर त्यांस स्वतःला क्षमा होती. परंतु त्या एका शब्दानें हीं सर्व माणसें कायमचीं गुन्हेगार ठरलीं असतीं. खोट्या कबुलीस आपण स्वतःपुरती बाब समजतों, पण ती स्वतःपुरती कधींच नसते. तिच्या आड दुसऱ्यांचीं नांवें असतात. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे तराजूचें पारडें फिरतें. सही न केल्यानें जें दुःख आलें त्यांतील सर्वांत मोठा वांटा महाराजांनीं स्वतः उचलला. सही केल्यानें जी सुटका झाली असती तिचा सर्वांत मोठा वांटा त्यांच्याच पदरीं पडला असता. ज्या मार्गांत लाभ आपला आणि कलंक दुसऱ्याचा, तो मार्ग कितीही शहाणपणाचा दिसला तरी त्याविषयीं संशय बाळगावा.

आणि आतां लॉडविक पॉइंट. १८२४ मध्यें या डोंगरावर आलेला पहिला युरोपीय म्हणून लॉडविकचें नांव तेथें राहिलें आहे. त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्यें तेथें स्मारकाचा स्तंभ उभा झाला. १८३६ च्या कमिशनांत बसून ज्यानें महाराजांविरुद्ध मत दिलें, तोच हा लॉडविक पुढें इंग्लंडांत कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत महाराजांची बाजू घेणाऱ्यांत सामील झाला. एकाच प्रकरणांत सहीचे दोन प्रसंग आले. एकानें सही दिली आणि मागाहून त्याला निराळें बोलावें लागलें. दुसऱ्यानें ती दिली नाहीं आणि त्याला आपला शब्द कधींच फिरवावा लागला नाहीं. लॉडविकचा मोठेपणा हा कीं, चूक झांकण्यापेक्षां उघड बोलणें त्यानें पसंत केलें. वाईट कृत्याचा डाग पुसण्याचा तेवढाच एक मार्ग मनुष्यास मोकळा असतो.

राज्य देण्याघेण्याचे प्रसंग सामान्य मनुष्यावर येत नाहींत. सहीचे मात्र रोज येतात. गरीब हुशार मुलाची सोय व्हावी म्हणून शाळेच्या दाखल्यांत जन्मतारीख एक वर्षानें पुढें ढकला, असें एखादा पालक डोळ्यांत पाणी आणून सांगतो. न पाहिलेल्या व्यवहारावर साक्ष घाला, असें शेजारी गळ घालतो. दोघेही म्हणतात, यांत कोणाचें काय जातें? अशा वेळीं तीन प्रश्न क्रमानें विचारावे. जें लिहून देतों तें आपल्या माहितीप्रमाणें खरें आहे काय? यांत लाभ कोणाचा आणि ओझें कोणावर? आणि उद्यां हें सर्वांदेखत वाचून दाखविलें तर तोंड वर करून ऐकतां येईल काय? पहिल्याच प्रश्नास उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर लेखणी खालीं ठेवावी आणि त्या मुलाची सोय दुसऱ्या कोणत्या मार्गानें होईल हें पाहण्यास लागावें. नकार देऊन मोकळें होणें हें अर्धें कर्तव्य. नकारामुळें ज्याची अडचण झाली त्याचा भार वांटून घेणें हें उरलेलें अर्धें.

महाबळेश्वरीं पंचगंगेच्या एकाच देवळांत कृष्णा आणि सावित्री यांचे उगम मानतात. एक पूर्व समुद्रास मिळते, दुसरी पश्चिम समुद्रास. पाणी कोठें जाईल हें उगमाशीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातीं नसतें. तें तेथें गढूळ होऊं न देणें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. प्रतापसिंह महाराजांनीं तेवढें केलें.