दहावी-बारावीनंतर मुलांना कुठे घालावे?

आपण बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा काय काय पाहतो? पिशवीला टॅग आहे का, लॉट नंबर कोणता, उगवण किती टक्के लिहिली आहे, मुदत संपली तर नाही ना. दुकानदाराकडून पक्की पावती मागून घेतो आणि ती काढणीपर्यंत जपून ठेवतो. एवढं करून बियाणं फसलंच, तर एक हंगाम बुडतो. आता याच आपल्या घरातल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव पुढच्या शिक्षणाला घालायचं असतं तेव्हा आपण काय पाहतो? “शेजारच्या वाडीतला पोरगा तिथंच आहे,” एवढ्यावर फॉर्म भरून मोकळे होतो. तिथं तीन-चार वर्षं जातात, लाख-दोन लाख जातात, कधी कधी अर्धा एकर रानही जातं. म्हणून आज पिकाविषयी न बोलता याविषयी बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे बाजारभाव पाहून शिक्षण निवडू नये. कांद्याचं आपल्याला नवीन नाही. यंदा भाव चढला की पुढच्या वर्षी जो तो कांदा लावतो, आणि माल निघेपर्यंत भाव बसलेला असतो. शिक्षणातही हेच घडतं, फक्त तिथं पीक निघायला चार वर्षं लागतात. डी. एड.चं आठवा. २००० सालानंतरच्या काही वर्षांत गावोगावी लोक म्हणत, “डी. एड. करा, गुरुजी व्हा, दोन वर्षांत पगार सुरू.” कॉलेजं निघाली, मुलांनी रांगा लावल्या. पुढं २०१२ साली राज्यात शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि हजारो पदविकाधारक मुलंमुली घरी बसली. त्यात मुलांचा दोष नव्हता. सगळ्यांनी एकाच वेळी एकच पीक घेतलं होतं. शिक्षकाचा पेशा चांगलाच आहे, ज्याला मनापासून शिकवायचं आहे त्यानं जरूर जावं. पण आता पात्रता परीक्षा पास झाल्याशिवाय त्या पदविकेला भाव नाही, हे आधी समजून घ्यावं.

मग निवडायचं कसं? कोणत्याही संस्थेच्या पायरीवर चढलात की चार गोष्टी तोंडानं विचारा. या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची आहे, आणि तो कागद दाखवता का? पास झाल्यावर हातात प्रमाणपत्र कोणाचं पडेल, संस्थेचं की शासनाच्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं? त्या कामासाठी नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर या कागदावर तो मिळतो का? आणि मागच्या वर्षी पास झालेली मुलं आज कुठं आहेत? चौथ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तिथल्या दोन-चार जुन्या मुलांना स्वतः गाठा. जाहिरातीतल्या फोटोपेक्षा ते जास्त खरं सांगतील. फी विचाराल ती सगळ्या वर्षांची विचारा, आणि खोली, खानावळ, एसटी, पुस्तकं हे तिच्यात मिळवा. पुष्कळ ठिकाणी फीपेक्षा हा खर्चच जास्त भरतो.

आता दहावीनंतरच्या वाटा. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की “मार्क कमी पडले वाटतं,” असं म्हणण्याची खोड आहे. ती सोडली पाहिजे. गावात विहिरीवरची मोटर जळाली की ती भरून आणायला तालुक्याला जावं लागतं आणि तोवर पीक ताणावर राहतं. आता सौर पंप बसू लागले, ठिबक तर सगळीकडे झालं, ट्रॅक्टर दर चार घरांमागे एक दिसतो. हे सगळं दुरुस्त कोण करणार? शासकीय आयटीआय बहुतेक तालुक्यांत आहेत. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, नळ कारागीर, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एका वर्षाचे. वीजतंत्रीला दहावी पास आणि त्यात विज्ञान-गणित लागतं. शासकीय संस्थेतली फी खासगी संस्थेपेक्षा पुष्कळच कमी असते. पास झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या जाहिरातीत वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र मागतात, ते हेच. ज्याला स्वतःचं काम करायचं आहे त्यानं तारतंत्रीचा परवानाही काढावा. वायरिंगचं काम अंगावर घ्यायचं तर तो लागतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. आयटीआयला गेलं म्हणजे पुढचं शिक्षण बंद, असं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तिथून पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हिशेब करून पाहा. आयटीआयची दोन, पदविकेची दोन आणि पदवीची तीन, मिळून सात वर्षं. अकरावी-बारावी करून इंजिनिअर व्हायला सहा लागतात. वर्ष एकच जास्त, पण प्रत्येक पायरीवर मुलाच्या हातात काम आहे. घरी अडचण आली, दुष्काळ पडला, तर त्या पायरीवर थांबून कमावता येतं आणि पुढं जमेल तेव्हा परत चढता येतं. माझ्या मते कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला ही वाट सगळ्यात सुरक्षित आहे.

मुलींनाही या ट्रेडला जागा आहेत. शिवणकाम सोडून मुलीनं दुसरं काही शिकूच नये, असा नियम कुठं नाही. मोटर भरायला ताकद लागत नाही, लागते ती नीट नजर आणि चिकाटी. ती आपल्या मुलींकडे खुरपणीपासूनच असते.

अकरावीला विज्ञान घ्यायचं असेल तर विषय जपून निवडा. जीवशास्त्र सोडलं तर डॉक्टरकीचा रस्ता बंद, गणित सोडलं तर इंजिनिअरिंगचा बहुतेक बंद. कृषी पदवीला दोन्ही बाजूंची मुलं चालतात. दोन्ही विषय झेपत असतील तर दोन्ही ठेवावेत, ओढाताण होत असेल तर मुलाला विचारून एक सोडावा. विचारून, हे महत्त्वाचं. आणि कागदावर कॉलेज एकीकडे, पोरगं मात्र शहरात क्लासच्या खोलीत, हा प्रकार हल्ली वाढला आहे. क्लासची फी तुम्ही भरता. प्रयोगशाळा त्यानं पाहिलेलीच नसते.

शेतीचं शिक्षण हा तर आपल्या घरचा विषय. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. दहावीनंतर कृषी पदविका करता येते. बारावी विज्ञानानंतर चार वर्षांची कृषी पदवी, तिला राज्याची सीईटी परीक्षा द्यावी लागते. याच दर्जाचे उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, अन्न तंत्रज्ञान असे अभ्यासक्रमही आहेत. टोमॅटोचा भाव पडल्यावर तो रस्त्यावर ओतण्याची वेळ आपल्यावर येते. अन्न तंत्रज्ञान शिकलेला मुलगा त्याचं काय करता येईल ते शिकून आलेला असतो. तिकडं अजून आपल्या मुलांचं लक्ष कमी आहे, ते जायला हवं. कृषी पदविका आणि पदवी दोन्हीवर कृषी सेवकाच्या भरतीला अर्ज करता येतो. कृषी सेवा केंद्र काढायचं तर कीटकनाशकांच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे आणि कृषीची पदवी तिच्यात बसते. बँका, बियाणे कंपन्या, ठिबक कंपन्याही ही मुलं घेतात. मात्र विद्यापीठांशी संलग्न खासगी कॉलेजं पुष्कळ आहेत, सगळी सारखी नाहीत. कॉलेजला स्वतःचं रान किती आहे आणि मुलं त्या रानात उतरतात का, एवढं बांधावर जाऊन पाहिलंत तरी तुम्हाला अर्धं कळेल. रानाची पारख तुम्हाला कोणी शिकवायला नको.

जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर पदवी साडेपाच वर्षांची, प्रवेश नीट परीक्षेतून. नागपूरच्या पशू विद्यापीठाची महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ या ठिकाणी आहेत. इथं एक सावधगिरी. १९८४ च्या कायद्यानुसार पशुवैद्यक म्हणून नोंदणी पदवीवरच होते. पदविकावाल्याला काही किरकोळ उपचार पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करता येतात, तेवढंच. “दोन वर्षांत जनावरांचा डॉक्टर,” असं कोणी सांगत असेल तर उठून यावं.

हाच धडा दवाखान्यातल्या कामांना. नर्सिंग हा मुलींना आणि मुलांनाही चांगला पेशा आहे. बारावीनंतर एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षं. पण काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदलं गेलं पाहिजे, आणि ते मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेल्यांचंच नोंदलं जातं. तालुक्याच्या ठिकाणी एका गाळ्यात “सहा महिन्यांत नर्स”, “एका वर्षात लॅब टेक्निशियन” अशा पाट्या असतात. तिथं पांढरा डगला मिळतो, फोटो निघतो, पदवीदानाचा समारंभही होतो. नोंदणी मात्र होत नाही. अशी मुलगी मग खासगी दवाखान्यात हाताखाली मदतनीस म्हणून तुटपुंज्या पगारावर राबते आणि सरकारी जागेला अर्जही करू शकत नाही. आई-बापांनी तिच्यासाठी घातलेले पैसे मातीत जातात, आणि तिची वर्षं तर कोणीच परत देत नाही.

स्पर्धा परीक्षेचंही बोललं पाहिजे. पदवी झाली की मुलगा म्हणतो, पुण्याला जातो, अभ्यास करतो. जाऊ द्यावं, पण मुदत ठरवून. जागा शेकड्यांत निघतात आणि अर्ज लाखांत येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी, वर्णनात्मक झाली आहे. जुन्या नोट्स पाठ करून भागत नाही. दोन किंवा तीन प्रयत्न, असं घरात बसून आधीच ठरवावं, आणि त्याच काळात त्याच्या हातात दुसरं एखादं कामाचं शिक्षण असावं. तिशी ओलांडलेला मुलगा खोलीत बसलेला आणि बाप इकडं गहाणखत करतोय, ही वेळ मुलावर आणि बापावर दोघांवरही वाईट. तो गावी परत आला तर त्याला टोचून बोलू नका, एवढी माझी विनंती.

आता पैशाचं. जमीन विकण्याआधी किंवा सावकाराकडे जाण्याआधी काय काय मिळतं ते पाहा. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांना शहरात राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाहभत्ता योजना आहे. फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरतात, आणि मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं, हे लक्षात ठेवून शाखेत जा.

मुलींच्या बाबतीत २०२४ साली मोठा निर्णय झाला. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा जास्त नाही अशा आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. एजंटामार्फत व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. तेव्हा “फीला पैसे नाहीत, मुलीला घरी ठेवू,” असं म्हणण्याआधी एकदा तिचा अर्ज तरी भरून पाहा. वसतिगृहात पाठवायची काळजी वाटते, हे खरं आहे. मग तिच्या आईसकट जाऊन वसतिगृह पाहून या, तिथल्या बाईंना भेटा, गावातली आणखी एखादी मुलगी सोबत असेल तर दोघींना एकत्र पाठवा.

शेवटी कागदपत्रं. दरवर्षी चांगल्या गुणांची मुलं कागदावाचून जागा घालवतात. जातीचा दाखला असला तरी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला काही महिने लागतात. मुलगा अकरावी विज्ञानाला गेला की त्याच वर्षी कॉलेजमार्फत तो अर्ज करा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जुने उतारे शोधायला दिवाळीची सुट्टी बरी. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल त्यांना नॉन-क्रिमीलेअर, हे निकालाच्या आधी काढून ठेवा. निकाल लागला की सेतू केंद्रावर सगळा तालुका उभा असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का, तेही याच आठवड्यात ताडून पाहा. एका काना-मात्रेचा फरक असेल तर आत्ता दुरुस्त होतो. पेरणीच्या धांदलीत त्याच्यासाठी तुम्हाला तहसिलात चकरा मारायला वेळ मिळणार नाही.